राइखस्टाग १८९०: ३९७ मतदारसंघांचा तक्ता जुळला, नकाशा अर्धा

२० फेब्रुवारी १८९० ला झालेल्या राइखस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, निवडणुकीचा तक्ता एकदाचा ३९७ वर जुळला. प्रशिया २३६, बव्हेरिया ४८, सॅक्सनी २३, व्युर्टेम्बर्ग १७, आल्सेस-लोरेन १५, बाडेन १४, हेसेन ९ आणि उरलेली छोटी राज्यं मिळून ३५. आधी राज्यवार बेरीज जुळवा, मग पक्षांकडे वळा. उलट केलं की चूक कुठे आहे ते सापडत नाही.

पक्षवार: झेंट्रुम (कॅथलिकांचा पक्ष) १०६, कॉन्झर्वेटिव्ह ७३, फ्रायझिनिगे (डावीकडचे उदारमतवादी) ६६, नॅशनल लिबरल ४२, सोशल डेमोक्रॅट ३५, राइख्सपार्टाय (मवाळ कॉन्झर्वेटिव्ह) २०, पोलिश १६, वेल्फ (हॅनोव्हरच्या जुन्या राजघराण्याचे समर्थक) ११, फोल्क्सपार्टाय (दक्षिणेकडचे लोकशाहीवादी) १०, आल्सेस-लोरेनवाले १०, ज्यूविरोधी ५, डॅनिश १, इतर २. दुसऱ्या यादीत एखाद-दुसरी जागा इकडेतिकडे दिसली तर घाबरू नका. काही सदस्य दुसऱ्या पक्षाच्या गटात पाहुणे म्हणून बसत. हॅनोव्हरचे वेल्फ झेंट्रुमसोबत बसायचे. ते ११ जण १०६ मध्ये मिळवू नका. निवडून आलेला पक्ष आणि सभागृहातला गट, दोन वेगळे रकाने.

खरी गोची फेऱ्यांची. पहिल्या फेरीत वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत फेरलढत व्हायची. १८९० मध्ये अशा लढती शंभरावर झाल्या. छापील टक्केवारी पहिल्या फेरीची, जागा मात्र शेवटच्या. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं तर सोशल डेमोक्रॅटांची १९.७ टक्के मतं आणि ३५ जागा हे गणित टायपिंगची चूक वाटतं. तशी ती नाही. त्यांना एका जागेमागे ४० हजारांवर मतं पडली, कॉन्झर्वेटिव्हांना १२ हजारांच्या आसपास. कारणं दोन: फेरलढतीत बाकीचे त्यांच्याविरुद्ध एक व्हायचे, आणि मतदारसंघ जुन्या लोकसंख्येवर बेतलेले, त्यामुळे बर्लिन, हॅम्बुर्ग फुगले तरी जागा तेवढ्याच. हॅम्बुर्गच्या तिन्ही जागा मात्र त्यांनी खेचल्याच. फ्रायझिनिग्यांना फेरलढती लाभल्या. मधला पक्ष असल्याने दोन्हीकडची मतं त्यांच्याकडे वळायची.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. तक्त्याची नकाशाशी जोडणी मतदारसंघाच्या नावावर करू नका. आल्सेसमधलं म्युलहाउझेन आणि थुरिंगियाच्या बाजूचं, प्रशियातलं म्युलहाउझेन जर्मन लिपीत एका अक्षराने वेगळी, देवनागरीत मात्र जुळी भावंडं. पहिलं सोशल डेमोक्रॅटांनी जिंकलं. नावावर जोडलं की लाल रंग भलतीकडेच चढतो. राज्य, जिल्हा, क्रमांक असा सांकेतिक रकाना करा आणि तो मजकूर म्हणून साठवा, नाहीतर तक्ता सुरुवातीचं शून्य गिळतो. प्रशियात क्रमांक जिल्ह्यागणिक नव्याने सुरू होतात, पण हॅनोव्हर प्रांतात सलग १ ते १९. झेंट्रुमचा नेता विंडथोर्स्ट याचं मेपेन म्हणजे हॅनोव्हर ३.

थुरिंगियाच्या छोट्या संस्थानांचे तुकडे विखुरलेले आहेत. प्रत्येक मतदारसंघ बहुखंडी आकृती म्हणून एकत्र केला नाही, तर एकाच जागेवर पाच-सहा लेबलं उमटतात आणि मोजणी ३९७ च्या वर जाते. झेंट्रुमला रिवाजाप्रमाणे काळा रंग दिला तर सीमारेषा फिकट राखी ठेवा, नाहीतर ऱ्हाइनलँड आणि बव्हेरिया म्हणजे शाईचा डाग. बर्लिनचे ६ मतदारसंघ मुख्य नकाशात दिसतच नाहीत. त्यांची वेगळी चौकट काढायची राहिली आहे.

पुढे १८८७ शी तुलना. कॉन्झर्वेटिव्ह, राइख्सपार्टाय आणि नॅशनल लिबरल यांची चान्सलर बिस्मार्कच्या बाजूची युती, कार्टेल, २२० वरून १३५ वर आली. सीमा त्याच असल्याने आकृत्या जशाच्या तशा चालतात. १८७१ जोडणार असाल तर तेव्हा जागा ३८२ होत्या, आल्सेस-लोरेनने १८७४ पासून मतदान केलं. त्या १५ ओळी रिकाम्या सोडा, शून्य भरू नका. शून्य भरलं की मतदानाची सरासरी उगाच घसरते.