तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी गरम पडते तर सोडत का नाही?

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूवर उलटते तो आजार) आहे हे कळलं की लग्नात असो की बाजारात, हा प्रश्न येतोच, आणि आमच्या आत्याचा तर ठरलेला, "गरम पडस ना तुले, मंग सोडी दे ना." म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी डायमिथाइल फ्युमरेट घेते, एमएसचे झटके कमी करणारं औषध. आहे कॅप्सूल, पण घरात सगळे गोळीच म्हणतात. नेहमीची पद्धत म्हणजे पहिले 7 दिवस 120 मिग्रॅ दोनदा, नंतर 240 दोनदा, पण तुमचा डोस तुमचे न्यूरोलॉजिस्ट सांगतील तोच. घेतल्यावर थोड्या वेळाने तोंड, कान, मान लालबुंद, खाज, कधी पोटात मुरडा, बघणारा घाबरतोच. बऱ्याच जणांना हे महिन्या-दोन महिन्यांत कमी होतं. मी कळण्याची भाकरी, तेल घातलेला ठेचा आणि दही असं पोटभर खाऊन घेते, नुसत्या चहा-बिस्किटावर घेतली तर कान पेटलेच समजा. आणि फोडून दुधात टाक म्हणणारे भेटतात, तसलं काही करायचं नाही, चावायची पण नाही, आख्खीच गिळायची. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर मात्र ते गरम पडणं नाही, ती ॲलर्जी, सरळ दवाखाना.

खरं भ्यायचं ते न जाणवणाऱ्या गोष्टीला. या औषधाने रक्तातल्या लिम्फोसाइट (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी होऊ शकतात आणि आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. त्या बरेच महिने रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली राहिल्या तर डॉक्टर औषध थांबवायचा विचार करतात, कारण मग पीएमएल नावाचं मेंदूचं इन्फेक्शन व्हायची भीती, क्वचित होतं पण फार वाईट. म्हणून सुरू करायच्या आधी आणि नंतरही ठरल्या वेळी सीबीसी (रक्तपेशी मोजायची टेस्ट), लिव्हरची टेस्टपण. रिपोर्टवर नुसते टक्के असतील तर गुणाकार करा, पांढऱ्या पेशी 4000 आणि लिम्फोसाइट 12 टक्के म्हणजे 480 च झाल्या, लॅबवाला "सब नॉर्मल" म्हणाला तरी.

मे महिन्यात जळगावचा पारा 45 ला टेकला की माझे पाय जड होतात, नजर धूसर होते, लगेच लोक म्हणतात गोळी लागू पडत नाही. अहो, एमएसमध्ये उन्हाने जुनी लक्षणं वर येतात, गारव्यात बसलं की उतरतात. गारव्यातही दिवसभर तसंच राहिलं, एक बाजू लुळी वाटली, बोलण्यात गोंधळ झाला तर लगेच डॉक्टरांना फोन. कॅप्सूलनाही ऊन सोसत नाही, गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.