आमची वाटचाल : खोलण्याआधी अर्धा तास

वडिलांनी सांगली जिल्ह्यातल्या पलूसजवळ रस्त्याकडेला पत्र्याची शेड मारली तेव्हा त्यांच्याकडे पान्यांचा एक सेट, एक चेन ब्लॉक आणि उधारीवर घेतलेला वाइस होता. दुरुस्तीला जास्त करून दोनच ट्रॅक्टर यायचे, महिंद्राचा बी-२७५ आणि मॅसीचा १०३५. बी-२७५ मूळचा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि तो आपल्याकडे आला. १०३५ हा मॅसीच्या नावानं टॅफे या भारतीय कंपनीनं बनवलेला, मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातला. दोन्ही अजून आमच्या दारात येतात. त्यांच्या गिअरपेट्यांनीच आमचं घर चालवलं आहे.

मी कामात शिरलो तेव्हा हात शिवशिवायचे. काहीही आलं की खोलायचं. ऐन ऊसतोडीत एक बी-२७५ आला. तक्रार एकच, गिअर टाकताना खर्रर्र वाजतो आणि पडत नाही. वडील बाहेरगावी होते. मी गिअरपेटीचं टॉप कव्हर उतरवलं, शिफ्टर, फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) सगळं बाहेर काढलं. सगळं ठणठणीत. धुऊन, नवं पॅकिंग टाकून परत बसवलं. तीन दिवस गेले आणि आवाज जसाच्या तसा. ट्रॅक्टरवाल्या मामांच्या दोन ट्रॉल्या फडात उभ्या होत्या. ते रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता बाकड्यावर बसायचे. ते बसणं मला अजून आठवतं.

वडील आले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. सीटवर बसून इंजिन बंद ठेवूनच एकेक गिअर टाकून बघितला, सगळे अलगद पडले. मग इंजिन चालू केलं, क्लच पूर्ण दाबला, दहापर्यंत मोजलं आणि गिअर टाकला. खर्रर्र. खाली उतरून म्हणाले, "बंद असताना पडतोय ना? मग पेटीला कशाला हात लावलास? क्लच सोडत नाहीये." या जुन्या पेट्यांत सिंक्रोमेश, म्हणजे फिरत्या गिअरांचा वेग जुळवून देणारी सोय, नाही. क्लच दाबला की पेटीत जाणारा शाफ्ट थांबायलाच हवा. तो थोडा जरी फिरत राहिला तरी दातावर दात घासतो. दोष निघाला पेडलखालच्या झिजलेल्या पिनमध्ये. पेडल जितकं दाबावं तितकं पुढं पोचतच नव्हतं. पिन बदलली, रॉड आवळून पेडलचा मोकळा प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी चाल) इंचभरावर आणला. अर्धा तास. वडिलांनी मामांकडून फक्त पिनचे पैसे घेतले. तीन दिवसांची मजुरी घरातून गेली.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही ट्रॅक्टर पहिला अर्धा तास खोलला जात नाही. मालकाला विचारायचं : थंड असताना पडत नाही की तापल्यावर? सगळे गिअर की एकच? पावसात उघड्यावर होता का? तेल कधी बदललं, आणि कुठलं ओतलं? गिऱ्हाईक उत्तर देतं तेव्हा निम्मा दोष तिथंच सापडतो.

गिअर सुटण्याचं दुखणं मात्र वेगळं, आणि धोक्याचं. भरल्या ट्रॉलीनं उतारावर गिअर निसटला तर इंजिनचा अटकाव संपतो, मग सगळा भार ब्रेकवर. एक १०३५ आला होता, त्याचा लिव्हर ट्यूबच्या रबरी पट्टीनं सीटला बांधलेला. गिअर सुटू नये म्हणून वर्षभर तसाच चालवलेला. कव्हर काढून मी फोर्क हातात घेतला तर त्याची दोन्ही टोकं जळून निळी पडलेली. बांधलेला लिव्हर फोर्कला सतत फिरत्या गिअरवर दाबत होता. मुळात दुखणं होतं गोळी-स्प्रिंगचं, म्हणजे खाचेत गोळी दाबून गिअर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगचं. जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी उभी केली, ती चांगली दोन वेढे बसलेली. शाफ्टवरच्या खाचेची कडही गुळगुळीत झाली होती. पहिल्याच दिवशी आला असता तर एका स्प्रिंगवर भागलं असतं. शेवटी फोर्क, शाफ्ट आणि एक गिअर बदलावा लागला. लिव्हर बांधून ट्रॅक्टर चालवू नका हे मी येईल त्याला हात जोडून सांगतो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या शेडमध्ये छातीएवढं पाणी होतं. चिखल उपसत असतानाच ट्रॅक्टर ओढून आणायला सुरुवात झाली. पेटीचा बोल्ट काढला की आधी पाणी, मग ताकासारखं पांढरं तेल. डिझेलनं धुवायचं, तेल भरायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा सगळं काढून टाकायचं. क्लच प्लेटी गंजून फ्लायव्हीलला चिकटलेल्या. पेडल लाकडानं दाबून रात्रभर ठेवलं की काही सुटल्या. बाकीचे ट्रॅक्टर मधोमध वेगळे करावे लागले. त्या दोन महिन्यांत आम्ही तेल आणि सामानाचेच पैसे घेतले, तेही जमतील तसे. पुढं कामाचा ओघ वाढला तो त्याच लोकांमुळे. आज चार पोरं हाताखाली आहेत, शेडला सिमेंटचा कोबा आहे आणि सामानाचं कपाट जमिनीपासून सहा फुटांवर.

दर मे महिन्यात गिऱ्हाइकांना आमचा फोन जातो. गिअर लिव्हरच्या बुडातला रबरी बूट फाटलाय का बघा, तिथूनच पावसाचं पाणी पेटीत उतरतं. आणि ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहणार असेल तर क्लच पेडल खाली दाबून ते तसंच राहील असं लाकूड अडकवून ठेवा, म्हणजे प्लेट चिकटत नाही. बूट आमच्याकडे कायम असतो, बसवायचे पैसे घेत नाही. मामांचा तो बी-२७५ आता त्यांचा नातू चालवतो. परवाच बूट बदलून घेऊन गेला.