हार्डनॉटच्या चढावर हाफ क्लच

बर्मिंगहॅमपासून अँबलसाइडपर्यंत बाबा झोपूनच होते. आमची एसयूव्ही एम-सिक्स मोटरवेवर इतकी शांत चालते की कोणालाही डुलकी लागावी. इंग्लंडच्या वायव्येचा डोंगर-तळ्यांचा लेक डिस्ट्रिक्ट दाखवायला मी त्यांना हौसेने पुण्याहून बोलावलं होतं. पहिले दोन दिवस ते काचेतून बघून "छान आहे" एवढंच म्हणत राहिले. मला ते फार लागलं.

तिसऱ्या दिवशी केंडलच्या एका सहकाऱ्याने त्याची १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार, दिवसभरासाठी दिली. गडद हिरवी, क्रोमचे बंपर, १७९८ सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली आणि बाबांचे गुडघे एकाहत्तर वर्षांचे. त्यांना आत बसवताना वाटलं, चुकलंच माझं. वयस्क माणसाला चढाय-उतरायला एसयूव्हीच बरी, यात वाद नाही.

पण बसल्या बसल्या त्यांचा हात डॅशबोर्डवर फिरला. "चोक कुठाय?" मी नॉब दाखवला. "पूर्ण ओढ. आता मार स्टार्टर." इंजिन धडधडलं. मान तिरकी करून ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "आता आत ढकल, हळूहळू." आमच्या फियाटला रोज सकाळी ते असंच चालू करायचे.

नाकावरचा अष्टकोनी बिल्ला त्यांच्या ओळखीचा, पुण्यात पुतण्याच्या एमजी हेक्टरवर तोच आहे. हेक्टर गुजरातेत हलोलला बनते, ही ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनची. तो कारखाना १९८० मध्येच बंद झाला, असं सांगितल्यावर त्यांनी दारावर नुसता हात ठेवला. उभा जन्म शॉप फ्लोअरवर काढलेला माणूस.

रायनोज खिंड ओलांडून हार्डनॉट खिंडीच्या चढाला लागलो. रस्ता एका गाडीपुरता आणि चढ काही ठिकाणी तीनास एक, म्हणजे तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आदल्या दिवशी अशाच एका बोळात एसयूव्हीचे सेन्सर दोन्ही बाजूंनी सारखे किंचाळत होते. एमजीबीची रुंदी जेमतेम १.५२ मीटर, त्यामुळे इथे ती निवांत जात होती. एसयूव्हीतून दगडी बांधांपलीकडची कुरणं दिसतात, हिच्यातून बांधच डोळ्यांसमोर येतो: दगडांवरचं शेवाळ, फटीत उगवलेले नेचे, एका ठिकाणी अडकलेली मेंढीची लोकर.

नेमकी एका वळणावर वरून व्हॅन आली. थांबावं लागलं. व्हॅन मागे सरकली, पण आता मला चढावरून गाडी उठवायची होती. एसयूव्हीत ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी धरून राहते. इथे हँडब्रेक आणि मी. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं आणि गाडी वीतभर मागे गेली. माझे तळवे घामाने ओले झाले.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "खंबाटकीत मी हे शंभरदा केलंय. फर्स्टवर टाक. रेस दे. हाफ क्लचवर आण. आता ऐक, आवाज जड झाला की नाही? हां, आता सोड हँडब्रेक."

गाडी उठली. बाबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. दहावीच्या निकालानंतर अशी थाप मला मिळाली नव्हती.

मग ते बोलायचे थांबेचनात. फियाटचा स्टिअरिंगजवळचा गिअर, साताऱ्याला जाताना उकळलेलं रेडिएटरचं पाणी, शेजारी बसून रुमालाने काच पुसणारी आई. पलीकडच्या उतारावरचा रोमन किल्ला आम्ही पाचच मिनिटं पाहिला. येताना पाऊस आला. टप चढवेपर्यंत दोघंही भिजलो, त्यानंतरही कडेने पाणी ठिबकत होतं. बाबांनी एकदाही तक्रार केली नाही.

संध्याकाळी गाडी परत केली. बाबांनी मालकाला खुणेनेच बॉनेट उघडायला लावलं. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्रजी बेताचं, तरी कार्बोरेटरवर वाकून दोघांचं अर्धा तास चाललं होतं. मी एसयूव्हीचा हीटर लावून, ओला कोट मांडीवर घेऊन, त्यांची वाट बघत बसले.