अठ्ठेचाळिसावा मणी

लंडनमधल्या एका छोट्या ऑक्शन हाऊसमध्ये मी जुन्या दागिन्यांच्या नोंदी करते. गेल्या हिवाळ्यात एक आजोबा बिस्किटाच्या डब्यात माळ घेऊन आले. ४८ मणी, प्रत्येकावर काचेच्या इवल्याशा फुलांची दाटी. त्यांचे आजोबा गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, नोकरीला होते. डब्यात चिठ्ठी होती: ‘रोमन, पहिलं शतक’.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला हसण्यात अर्थ नव्हता. रंगीत काचेच्या कांड्या जोडायच्या, तापवून लांब ओढायच्या आणि चकत्या पाडायच्या, हे काम रोमन काळातही होत होतं. बाकरवडीची सुरळी कुठेही कापा, भोवरा तोच; तसंच हे. कांडी ओढली की फूल लहान होतं, मोडत नाही.

फरक भोकात कळतो. रोमन मोझेक मण्यात पुष्कळदा चकत्यांचाच मणी वळवलेला असतो, त्यामुळे नक्षी खोलवर गेलेली दिसते. व्हेनिसचा कारागीर आधी तारेवर साध्या काचेचा गाभा गुंडाळतो, तो मऊ असतानाच वर चकत्या चिकटवतो आणि लोळवून गुळगुळीत करतो. भिंगाखाली पहिला मणी धरला. भोकाभोवती विटकरी काच, तिच्यावर फुलांचा पातळ थर. व्हेनिस! एका झटक्यात अठराशे वर्षं गळाली.

असे मणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारासाठी ढिगाने बनले. सिक नावाच्या व्यापारी कंपनीची नमुना-कार्डं अ‍ॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत. त्यांवर मणी ओळीने शिवलेले आहेत. गोल्ड कोस्टचा धागाही जुळला. मी नोंद लिहून टाकली: ‘व्हेनिस, साधारण १९००, ४८ नग’.

घाई नडली. माळ पुसताना सुईच्या टोकाला पांढरी भुकटी लागली. एकाच मण्याच्या भोकातून. मग नीट पाहिलं. बाकीच्यांची टोकं शेजाऱ्याला घासून घासून तिरकी झिजलेली, याची कड मात्र बोटाला टोचणारी. भोकही ऐसपैस. मणी सळईला चिकटू नये म्हणून लावतात त्या लेपाची ती भुकटी. भुलेश्वरला असे मणी मी किलोवर विकताना पाहिलेत! उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचा माल, फार तर गेल्या तीस-चाळीस वर्षांतला. नेमका आपल्याकडचाच मणी माझ्या नजरेतून सुटला होता.

आजोबांना फोन करून विचारलं, माळ कधी तुटली होती का?

“हो, आईच्या गळ्यातच तुटली. एक मणी सापडला नाही, तर तिने बाजारातून तसाच दुसरा शोधून आणला. आठवडाभर हिंडत होती.”

दुसऱ्या दिवशी ते येऊन तेवढा एक मणी घेऊन गेले. मी नोंदीतला ४८ खोडून ४७ केला.