राणीच्या बागेत पेंग्विन सोडून काय बघाल : पुतळे, दगडी हत्ती आणि झाडं

राणीची बाग म्हटलं की हल्ली सगळे पेंग्विन पेंग्विन करतात. ठीक आहे, लहान मुलं बरोबर असतील तर ते टळत नाही, पण ती रांग एकदा उरकली की लगेच गेटबाहेर पडून वडापाव शोधू नका. या बागेत आणि तिला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात मिळून मुंबईतलं सगळ्यात मजेशीर उघड्यावरचं शिल्पप्रदर्शन आहे आणि ते तसं कोणी ठरवून मांडलेलंच नाहीये. शहराला जे पुतळे नकोसे झाले ते इथे येऊन बसले, एवढंच.

आई, माझा भाचा आणि मी असे गेलो होतो. सेंट्रल लाइनने भायखळा, पूर्वेला उतरायचं, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. ऊन असेल आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर सरळ टॅक्सी करा, जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला तोंड वाकडं करेल, करू दे. स्टेशनातून घाईत बाहेर पडू नका मात्र, १८५३ पासूनचं स्टेशन आहे आणि अलीकडे इतकं छान दुरुस्त केलंय की त्याला युनेस्कोचं बक्षीस मिळालं.

बाग बुधवारी बंद असते, म्युझियमही बुधवारीच. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद, हे लक्षात ठेवा नाहीतर बंद गेटसमोर सेल्फी काढून परत. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, लहानांना २५, आईबाबा आणि दोन मुलं असाल तर १०० मध्ये चौघं. म्युझियमचं तिकीट वेगळं. रविवारी दुपारी अजिबात जाऊ नका. आम्ही आठवड्यातल्या साध्या दिवशी साडेनऊला गेट उघडताच आत शिरलो, तेव्हा झाडांखाली खरंच शांतता होती, अकरानंतर शाळांच्या सहली आल्या आणि मग विचारू नका.

आता मुद्द्याचं. दगडी हत्ती अजिबात चुकवू नका. म्युझियमच्या आवारात उभा आहे, लोक त्याच्या समोरून फोनवर बोलत निघून जातात. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीमुळे, तिथे किनाऱ्याजवळ अख्ख्या खडकात कोरलेला होता. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, क्रेनला वजन पेललं नाही आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून परत हत्ती उभा केला. जवळ जाऊन बघितलंत तर सांधे दिसतात. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की याच्या पाठीवर अजून एक छोटा प्राणी होता, कोणी म्हणतं पिल्लू, कोणी म्हणतं वाघ. भाच्याचं मत वाघ. त्याला पेंग्विनपेक्षा हे जास्त आवडलं, कारण मोडून परत जोडलेली गोष्ट त्याला लगेच कळते, रोज तेच चालतं त्याचं.

माझ्या मते या सगळ्या आवारात हत्तीच सगळ्यात भारी शिल्प आहे. बाकीचे संगमरवरी लोक मुंबईच्या पावसात पार थकलेत, पांढऱ्या दगडावर काळे ओघळ उतरलेत, पण हत्ती आपल्याच बसाल्टचा, तो भिजला की उलट उठून दिसतो. जमलं तर पावसाची सर येऊन गेल्यावर जा, छत्री लागेल, डास असतील, तरी जा.

मग राणीसाहेब. व्हिक्टोरियाचा बसलेला संगमरवरी पुतळा, मॅथ्यू नोबल नावाच्या शिल्पकाराचा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला भेट दिलेला, १८७२ मध्ये फोर्टात बसवला होता. आपल्याकडे त्याची आठवण वेगळ्याच कारणाने आहे, चाफेकर बंधूंनी १८९६ मध्ये डांबर फासलं आणि चपलांची माळ घातली ती याच पुतळ्याला. हे माहीत असलं की पुतळ्यासमोर आपोआप जरा जास्त वेळ थांबायला होतं. गंमत म्हणजे म्युझियमच्या आत मधोमध तिच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आहे, तोही याच नोबलचा, डेव्हिड ससून या मुंबईतल्या बड्या व्यापाऱ्याने दिलेला. म्हणजे नवरा आत छपराखाली आणि राणी बाहेर ऊनपावसात. आई म्हणाली, बरं झालं, एकदा तरी उलटं झालं.

राणीच्या आजूबाजूला कॉर्नवॉलिस, वेलस्ली वगैरे जुने इंग्रज गव्हर्नर जनरल मंडळी आहेत. आधी हॉर्निमन सर्कलला होते, १९६५ मध्ये शहरातले इंग्रजी पुतळे काढले तेव्हा यांचीही बदली झाली. हे लांबून एकदा बघून घ्या, खरं सांगायचं तर अर्ध्या तासाच्या लायकीचे नाहीत.

घोडा मात्र शोधाच. दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा या भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो ओरिजिनल ब्राँझचा घोडा, वर सातवा एडवर्ड (तेव्हा तो राजपुत्र होता), जोसेफ बोहमने केलेला, १८७९ चा. तोही १९६५ मध्येच तिकडून हलवला. हल्ली काळा घोडा चौकात जो आहे तो २०१७ मध्ये बसवलेला नवा, बिनस्वाराचा. बरेच जण नव्यासमोर फोटो काढतात आणि हाच तो म्हणून सांगतात. आईने लहानपणी बसमधून जुना घोडा त्याच्या मूळ जागी बघितलेला. "केवढा वाटायचा रे तेव्हा," भाच्याला सांगत होती. तो म्हणाला, "आजी, तू छोटी होतीस म्हणून." असेल तेही, पण मला वाटतं खरं कारण झाडं आहेत. चौकात उंच चौथऱ्यावर मान वर करून बघायला लागायचा राजा, इथे डोक्यावर एवढे मोठे वृक्ष आहेत की त्यांच्याखाली राजाचा सगळा तोरा उतरतो, आणि मग तो पुतळा म्हणून नीट बघता येतो, घोड्याच्या मानेच्या शिरा, लगाम, पाय कसा टाकलाय ते. बागेत शिल्प ठेवण्याचा हा फायदा मला तरी इथेच कळला. हा घोडा ससून घराण्यातल्या अल्बर्टने शहराला दिला होता आणि बागेच्या तोंडाशी जो घड्याळाचा मनोरा आहे तो त्याच्या वडिलांच्या, डेव्हिड ससूनच्या नावाचा. शंभर वर्षांनी बापलेक एकाच बागेत.

आणि झाडं. ही बाग १८६२ मध्ये लेडी फ्रियरच्या, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नरच्या बायकोच्या हस्ते उघडली ती बोटॅनिकल गार्डन म्हणून, तिच्या नावाचं ग्रीक देवळासारखं छोटं खांबांचं बांधकाम आत आहे, तिथे सावली मिळते. दोनशे ऐंशीच्या वर जाती आहेत झाडांच्या. मागे प्राणिसंग्रहालय मोठं करायच्या प्लॅनमध्ये यातली बरीच झाडं जाणार होती, तेव्हा नागरिकांनी, त्यात बायका पुढे होत्या, वर्षानुवर्षं भांडून ती वाचवली. गोरखचिंच बघा, तिचं खोड हेच एक शिल्प आहे, उन्हाळ्यात पानं नसताना तर जास्तच. कैलासपतीची फुलं फांद्यांना न येता थेट खोडाला येतात आणि तोफगोळ्याएवढी फळं लटकतात, खाली बसू नका. उर्वशीचं झाड फुललेलं बघायचं असेल तर साधारण जानेवारी ते मार्च या दिवसांत जा, लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबतात. सीताअशोकही त्याच सुमारास. कृष्णवडाच्या पानाला मागे खिसा असतो, खाली पडलेलं पान उचलून मुलांच्या हातात द्या, तोडू नका, वॉचमन बरोब्बर बघतो.

म्युझियमला वेगळा तास ठेवा. मधेमधे दुरुस्तीसाठी बंद असतं म्हणून निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. इथे आजच्या कलाकारांचीही प्रदर्शनं लागतात. २०१३ मध्ये रीना कल्लाट यांनी म्युझियमच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं अवाढव्य कोळिष्टक लावलं होतं, प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्यांची जुनी, बदललेली नावं. समोर कोळिष्टक आणि मागच्या आवारात नावं बदलल्यावर काढलेले साहेब लोक, याहून चांगली जागा त्या कामाला मिळाली नसती. असं काही सुरू असेल तर त्याच्यासाठी मुद्दाम जा, ही कामं काही महिन्यांत निघून जातात.

क्रम असा ठेवा : उघडताच बाग आणि घोडा, मग मुलांचे पेंग्विन, ऊन चढलं की म्युझियम, आणि शेवटी बाहेरचा हत्ती आणि राणी. चप्पल नको, बूट घाला, चालणं बरंच होतं. पाणी घरून न्या. आईसारख्या गुडघेदुखीवाल्यांसाठी बाक भरपूर आहेत, घाई नको. हत्ती बघून घारापुरीला जायची हुक्की आली तर त्याच दिवशी जमवू नका, लाँचने जाण्यायेण्यातच वेळ जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवेवरून निघा, फक्त तो सोमवार नसावा, सोमवारी लेणी बंद असतात.