लॉनवर पडलेला केवडा

सोलापुरात घरापुढे ६०० चौरस फूट लॉन लावली, ती दुसऱ्याच उन्हाळ्यात पिवळी पडली. खताच्या दुकानात डीएपी सुचवलं, मी टाकलं. पंधरा दिवसांत पिवळेपणा आणखी पसरला. मग युरिया, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) खत. गवत सरसर वाढलं, आठवड्यातून दोनदा कापावं लागलं, पण नवं पातं यायचं ते आधीपेक्षाही फिकट.

त्याच सुमारास माळशिरसचे मामा आले. त्यांची ऊसशेती. लॉनवर उकिडवे बसले, एक पातं खुडून उन्हाकडे धरलं आणि म्हणाले, "अरे, हा तर केवडा!" शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे. लोह कमी पडलं की उसाचं पान असंच दिसतं, आणि लॉनचं गवतही उसाच्याच कुळातलं. "खालची जुनी पानं बघ, हिरवीच आहेत. नत्र कमी असतं तर आधी ती पिवळी पडली असती." जुन्या पानातलं नत्र झाड नव्या पानाला पुरवतं, लोह तसं हलत नाही. एवढं आधी माहीत असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

त्यांच्याच आग्रहाने माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.४, म्हणजे माती अल्कधर्मी; चुनखडी भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा जास्त. म्हणजे मातीत लोह होतं, पण चुन्याने अडकवून ठेवलेलं. त्यात ४६ टक्के स्फुरदाचं डीएपी घालून मी ते आणखी अडवलं होतं.

युरिया बंद करून अमोनियम सल्फेट आणलं. त्यात नत्र २०.५ टक्केच, पण ते मातीला थोडं आम्लतेकडे नेतं, शिवाय गंधकही देतं. चौरस मीटरला २० ग्रॅम, म्हणजे सगळ्या लॉनला जेमतेम किलोभर. पानं कोरडी असताना फेकायचं आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं, नाहीतर पाती करपतात.

लोह देणारी हिराकस (फेरस सल्फेट) मात्र आमच्या मातीत नुसती टाकून उपयोग नाही, चुना तिलाही बांधून टाकतो. म्हणून फवारणी केली: लिटरला ५ ग्रॅम हिराकस, २ ग्रॅम लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर. पहिल्या वेळी फवारा शहाबादी फरशीवर उडाला, तिथले तांबूस डाग अजून निघालेले नाहीत. दहा दिवसांनी फरशी झाकून दुसरी फवारणी केली. त्यानंतरची पाती गर्द हिरवी आली.

लॉनला बोअरचं चुनखडीचं पाणी अजून तेच आहे, त्यामुळे केवडा पुन्हा डोकावतो. दर महिन्याला एक नवं पातं उन्हाकडे धरून बघतो, पट्टे दिसले तरच हिराकस काढतो.