नळी निळी पडली तेव्हा

सोन्याचं पाणी पिवळं नसतं, लाल असतं. उकळत्या गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात सोडियम सायट्रेट ओतलं की आधी रंग जातो, मग काळपट झाक येते आणि थोड्या वेळात डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग चढतो. जेमतेम १३ नॅनोमीटरचे कण. एकमेकांपासून दूर असले की लाल, गोळा झाले की निळे. आमच्या संशोधनाची सगळी मदार या रंगबदलावर. कणांवर ग्लुटाथायोन, म्हणजे शिशाला धरून ठेवणारा एक छोटा रेणू, चढवायचं. पाण्यात शिसं असेल तर ते दोन-दोन कणांना शिवून टाकतं आणि नळी निळी पडते. प्रयोगशाळेत, डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिसं मिसळून हे मी शेकडो वेळा केलं होतं.

पहिल्यांदा गावात गेले ते मराठवाड्यात. हापशाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती, बंद पडून काही वर्षं झालेली. म्हणजे संशय मी घरूनच घेऊन निघाले होते.

हापशावर एक मावशी हंडा भरत होत्या. "मॅडम, ह्या पाण्यात डाळ शिजत नाही बघा. साबणाला फेस पण येत नाही," त्या म्हणाल्या. मी "हो का?" म्हटलं आणि पेटी उघडली. त्यांच्या हंड्याच्या काठावर पांढरा, खरखरीत थर होता, तोही दिसला होता.

एका नळीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत हापशाचं पाणी. दोन्हींत सोन्याचे कण. पहिली लालच राहिली. दुसरी मिनिटाभरात जांभळी आणि मग शाईसारखी निळी. तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. सरपंचांनी विचारलं, "विष आहे का?" मी म्हटलं, "शिसं असू शकतं. रिपोर्ट येईपर्यंत पिऊ नका." यातलं पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नसावं. एका बाईनं तिथल्या तिथे हंडा उपडा केला.

एक बाटली नायट्रिक ॲसिड घालून शिसं मोजायला पाठवली, दुसरी तशीच आणली. तशीच आणलेल्या पाण्यात मी दुसऱ्या दिवशी ग्लुटाथायोन न चढवलेले साधे कण टाकले. तेही निळे पडले, उलट जास्त लवकर. पोटात गोळा आला. साध्या कणांना शिसं ओळखता येतच नाही. हे कण एकमेकांना ढकलून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या ऋणभाराच्या जोरावर. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असले की तो जोर संपतो आणि कण गोळा होतात, शिसं असो वा नसो. डिस्टिल्ड वॉटरची नळी मला हे सांगूच शकत नव्हती. साध्या कणांची एक नळी सोबत न्यायला हवी होती. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा टीडीएस मीटर तर पेटीतच होता, तो मी बाहेरही काढला नव्हता.

त्याच संध्याकाळी सरपंचांना फोन करून चाचणी चुकली असावी असं सांगितलं. ते म्हणाले, "आता कागद येऊ द्या मॅडम." बरोबरच होतं त्यांचं. कागद आठव्या दिवशी आला. शिसं ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेच्या खूप खाली. कठीणपणा, म्हणजे त्याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, मात्र ६०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडून पुढे.

रिपोर्ट द्यायला मी स्वतः गेले. आठ दिवस बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, भर उन्हात. सरपंच काही बोलले नाहीत, चहा मागवला. मावशी भेटल्या तेव्हा मी कण, क्षार, सगळं समजावून सांगितलं. "कणांच्या भांडणात शिसं नव्हतंच," असं काहीतरी गमतीनंही म्हणून पाहिलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिसं नाही ते बरं झालं. पण डाळीचं काय ते सांगा."